मामांचे रीळ आणि आमचा अंगठा

वऱ्हाडात समुद्र नाही. खारे पाणी मात्र हवे तेवढे आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात आमचे गाव येते. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात घेतले की पाहुणा थुंकतो आणि आम्ही हसतो. अशा गावातून आलेल्या आमच्या घरात, अमरावतीच्या दोन खोल्यांत, समुद्राच्या किनाऱ्यावरून मासे धरण्याचे एक जुने अमेरिकन रीळ आहे. दोन बाजूंना काळ्या बेकेलाइटच्या तबकड्या, मधे पितळी चरखी, एका अंगाला चांदणीच्या आकाराची चकती आणि मूठ घासून घासून गुळगुळीत झालेला दांडा. येणारे-जाणारे विचारतात, हे काय शिलाई मशीनचे आहे? एका पाहुण्यांनी तर मुलांच्या देखत सांगितले की हा जुन्या सिनेमाच्या यंत्राचा भाग! रीळ म्हटले की आता मुले मोबाईलकडे पाहतात. ते रील वेगळे. आमचे रीळ दोरा गुंडाळण्याचे.

वाचकहो, या रिळाची हकिगत सांगावी असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. परंतु कारकुनी करणाऱ्या आणि संध्याकाळी वस्तीच्या कामात फिरणाऱ्या माणसाने मासे धरण्यावर काय लिहावे, हा संकोच होता. यंदा तो बाजूला ठेवला आहे.

आमच्या आईचे थोरले भाऊ 1962 साली गाव सोडून मुंबईला गेले आणि गोदीत कामाला लागले. माझगावच्या चाळीतली एक खोली, खोलीत सात माणसे आणि शिवाय गावाकडून येणारे पाहुणे. गोदीतला वसईकडचा एक ख्रिस्ती सहकारी सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर गळ टाकायला जाई. त्याच्याबरोबर मामा जाऊ लागले आणि त्यांना नाद लागला. नाद म्हणजे खराच नाद. चोर बाजारात त्यांना हे रीळ दिसले तेव्हा त्यांनी आठवड्याची सगळी मजुरी तिथेच मोजली आणि रिकाम्या खिशाने, पण पिशवीत रीळ घेऊन, घरी आले. मामी महिनाभर बोलल्या नाहीत. पुढे मात्र रविवारच्या कालवणाचा खर्च वाचू लागला तेव्हा बोलू लागल्या, असे त्या स्वतःच सांगतात.

आम्ही समुद्र पहिल्यांदा पाहिला तो 6 डिसेंबर 1991 रोजी. वऱ्हाडातल्या आपल्या कितीतरी घरांत असेच असेल. समुद्र पाहायचा म्हणून कोणी गेलेले नसते, चैत्यभूमीला गेलेले असते. गाडीत बसायला जागा नाही, दादरला रात्रभर रांग, आणि अभिवादन करून बाहेर आल्यावर समोर एकदम ते सगळे पाणी. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. बाबांचे बोट धरून उभे होतो आणि इतके पाणी असून प्यायला का चालत नाही, असे विचारत होतो. बाबा म्हणाले, आपल्या विहिरीसारखेच आहे, फक्त मोठे.

त्या दिवशी मामांनी रिळाला हात लावला नाही. 6 डिसेंबरला गळ नाही, हा त्यांचा नियम होता. दोन दिवसांनी रविवार होता. शनिवारी रात्री त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली, तिथी पाहिली आणि बोटांवर हिशेब केला. आम्हाला नवल वाटले, कारण मामा मुहूर्त वगैरे मानणाऱ्यांतले मुळीच नव्हते. विचारले तर म्हणाले, "मुहूर्त पाह्याले नाही लेका, भरती पाह्याले तिथी लागते."

तो हिशेब सांगतो, कारण आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असूनही त्याहून सुंदर हिशेब आम्हाला कुठे भेटलेला नाही. पक्षातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला. एकादशीला सव्वाआठ. दिवसातून भरती दोनदा, ओहोटी दोनदा. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढी मागे सरकते. त्या पन्नास मिनिटांचा ढोबळ पाऊण तास झाला, एवढेच यातले गूढ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान. त्या रविवारी द्वितीया होती. दोनाचे पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चढत्या पाण्याबरोबर मासा वाळूतले किडे-खेकडे खायला किनाऱ्याजवळ येतो. तेव्हा सकाळी आठला वर्सोव्याच्या वाळूवर उभे राहायचे ठरले.

काठी बारा फुटांची होती. रीळ अमेरिकेचे पण काठी आपली. मामांनी ती गावाकडून नेलेल्या मेळघाटच्या बांबूची केली होती. मेळघाटातला बांबू भरीव असतो, त्याला पोकळी फार थोडी. म्हणून तो वाकतो पण फाटत नाही. त्यावर दोरी जाण्यासाठी तारेच्या कड्या सायकलवाल्याकडून करून घेतलेल्या, त्या रेशमी दोऱ्याने बांधून वर वॉर्निश दिलेले. टोकाला चार औंसांचे शिसे, त्याच्या थोडे वर गळ, दोरीला पीळ बसू नये म्हणून मधे पितळी फिरकी, आणि गळाला कोळंबी. बाकी सगळा संसार बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. तेलकट कागदात गुंडाळलेले नॉर्वेचे मस्टड गळ, सुरी, चिंध्या, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी.

मामा गुडघाभर पाण्यात गेले, काठी मागे नेली आणि झटक्याने पुढे आणली. शिसे एवढे लांब गेले की कुठे पडले ते दिसलेच नाही. मग त्यांनी काठी आमच्या हातात दिली.

आता हे रीळ कसे चालते ते समजून घेतल्याशिवाय पुढची फजिती कळणार नाही. हे रीळ काठीच्या वर बसते. फेकण्याआधी एक खटका सरकवायचा, की दांड्याचा आणि चरखीचा संबंध सुटतो आणि चरखी मोकळी होते. ती तेवढ्या वेळ फक्त अंगठ्याने दाबून धरलेली असते. काठी पुढे आणताना ऐन क्षणी अंगठा उचलायचा. शिसे दोरी ओढत सुटते आणि चरखी गरगर फिरू लागते. शिशाचा वेग हवेत कमी कमी होत जातो, परंतु चरखीला ते कळत नाही. ती आपल्याच वेगात फिरत राहते आणि नको तेवढी दोरी सोडते. ती दोरी चरखीवरच फुगते, एकमेकींत शिरते आणि क्षणात सुगरणीचे घरटे तयार! म्हणून फेक चालू असताना अंगठा चरखीवर हलका टेकवून ठेवायचा. किती हलका? हे कोणी सांगू शकत नाही. शिसे पाण्याला लागले की मात्र पूर्ण दाबायचा.

"पह्यले आंगठा, मंग दोरी," मामा म्हणाले. "ढिला सोडला त् गुंता. दाबून धरला त् शिसं पायापाशीच पडते."

आमचे शिसे पहिल्यांदा पायापाशी पडले. दुसऱ्यांदा गुंता झाला. तो गुंता सोडवायला आम्हाला सव्वा तास लागला. मामांनी दोरी कापू दिली नाही आणि मदतही केली नाही. ते शेजारी वाळूवर बसून बिडी ओढत समुद्राकडे पाहत होते, आणि आम्ही रडत रडत एकेक फास उकलत होतो. भरतीचे पाणी चढत होते. त्यांची आठवड्यातली एकुलती एक सुटी आमच्या गुंत्यात जात होती, हे तेव्हा लक्षात आले नाही. पुढे फार वर्षांनी आले.

त्या दिवशी शेवटी मामांना एक शिंगाळा लागला. मिशा पाहून आम्ही ओरडलो, अरे हा तर पूर्णेतला! नावही तेच. परंतु समुद्रातला शिंगाळा निराळा, नदीतला निराळा. दोघांना मिशा असतात, म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी एकच नाव ठेवले. परालाचा काटा मात्र समुद्रातल्याचा फार वाईट, विषारी. लागला तर हात सुजतो. मामांनी तो चिंधीत धरून काढला.

अंगठ्याविषयी थोडे. आमच्या आजोबांनी शेताच्या कागदावर अंगठा उठवला होता आणि कागदात काय होते ते त्यांना वाचता आले नव्हते. आमच्या समाजाने अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला काय सोसले ते या पानांच्या वाचकांना सांगायला नको. कचेरीत आम्ही अजूनही म्हाताऱ्या माणसांचा अंगठा हाताने धरून यंत्रावर ठेवतो. जन्मभर दगड-माती उचललेल्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. तर अंगठा म्हणजे अडाणीपणाची खूण, असे आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. मामा चौथीपर्यंत शिकलेले, पण त्यांचा अंगठा अंधारातही ओळखायचा की शिसे आता पाण्याला लागले. एकलव्याची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. अंगठा गेला म्हणजे माणसाचे नेमके काय जाते, हे मात्र वर्सोव्याला कळले.

घड्याळजी आणि गिरणीवाला

या रिळांचा इतिहास पाहिला तर मजा वाटते. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर नावाचा एक घड्याळजी होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने दातेरी चाके घालून असे रीळ केले की दांडा एकदा फिरवला की चरखी कितीतरी वेळा फिरावी. आमच्या रिळात एका फेऱ्याला तीनहून थोडे जास्त फेरे होतात. स्वीडनमध्ये स्वेंगस्टा गावी 1921 साली निघालेला आबू कारखाना आधी घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर करायचा. दुसऱ्या महायुद्धात ते काम बसले तेव्हा तो रिळांकडे वळला. आमच्या रिळावर नाव आहे ते पेन कंपनीचे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या ऑटो हेन्झे याने ती 1932 साली फिलाडेल्फिया शहरात काढली. समुद्रकाठचे गरीब-मध्यम लोक वापरू शकतील अशी दणकट, साधी, घरी खोलून साफ करता येतील अशी रिळे, ही तिची ख्याती.

नायलॉनची दोरी त्यानंतरची. ड्युपाँ कंपनीने नायलॉन 1938 साली जाहीर केले. त्याआधी समुद्रावर लिननची दोरी वापरत. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा. ज्याची आपण चटणी खातो तेच जवस! ती दोरी रोज उलगडून वाळवावी लागे, नाही तर कुजे. आता आपण जिला तंगूस म्हणतो ती नायलॉनची एकेरी तार आल्यावर ते कष्ट गेले. अलीकडे विणलेली बारीक दोरी निघाली आहे. ती चिवट खरी, पण या रिळावर अंगठा कापते, म्हणून आम्ही तंगूसच ठेवला आहे.

दुसऱ्या जातीचे रीळ, जे आज दुकानांत दिसते, ते काठीखाली लटकते. त्याची चरखी फेकताना फिरतच नाही; दोरी तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटते. म्हणून गुंता कमी. त्याचे पेटंट इंग्लंडमधल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीवाल्याने 1905 साली घेतले. गिरणीतल्या कांडीच्या टोकावरून सूत सुटते तसेच हे. आमचे बाबा अकोल्याच्या कापडगिरणीत होते. मामांचे रीळ त्यांना कधी जमले नाही, परंतु एकदा कोणाजवळ तसले खाली लटकणारे रीळ पाहून ते लगेच म्हणाले, "अरे, ही त् आपली कांडी!" वऱ्हाडच्या कापसाने इंग्लंडच्या गिरण्या चालवल्या, हे आम्ही शाळेत पाठ केले होते. तिथून एक रीळही निघाले हे शाळेत नव्हते.

नव्या रिळाला आम्ही नावे ठेवत नाही. नवशिक्याने तेच घ्यावे, हलका गळ त्यावरच लांब जातो. पण जड शिसे दूर टाकायचे आणि मोठा मासा ओढून आणायचा तर जुन्या घडणीचा दम वेगळा, एवढे आमचे मत.

मामा 1998 साली निवृत्त झाले आणि रीळ, काठी, डबा घेऊन गावी परतले. मामींनी मुंबईत राहण्याचा हट्ट धरला होता, पण त्याही आल्या. पावसाळा संपताना पूर्णेच्या डोहावर मामा बारा फुटांची काठी घेऊन उभे राहिले तेव्हा सगळे गाव हसले. "मामा, मगर धरता काय?" पोट्टे विचारायचे. आपल्याकडे गळ म्हणजे बांबूची हातभर कामटी, चार हात दोरी, पिसाच्या दांडीचे तरंगते बोंडूक आणि गांडूळ. मामांनी चारा बदलला. कोळंबी कुठून आणणार? त्यांनी सरकीची ढेप आणि कणीक मळून घट्ट गोळे केले. शिंगाळ्याला झिंगा, वामला गांडूळ. पूर आलेल्या नदीत मधल्या धारेपर्यंत कोणाचा गळ जात नव्हता, मामांचा जाऊ लागला. मग हसणे थांबले.

मामा एक गोष्ट नेहमी सांगत. पूर्णा बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगवते, चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला. म्हणजे डोहात टाकलेला गळ हा समुद्रातच टाकलेला, फक्त जरा वर. अमरावतीच्या पूर्वेचे वर्धेचे पाणी मात्र गोदावरीतून दुसऱ्या समुद्राला जाते. "आपला जिल्हा दोन समुद्रायले पानी देते," असे ते तोऱ्यात म्हणत, जणू स्वतःच देत होते.

याच काळात रीळ जवळजवळ गेले होते. मुंबईत मामा प्रत्येक फेरीनंतर ते गोड्या पाण्याने धुवायचे. मीठ सुकले की पितळ हिरवे पडते, स्क्रू धरून बसतात. गावी आम्ही तेच केले. दोन वर्षांत चरखीच्या कडेला हिरवी पुटे, चाकात करकर. मामांना कळेना. मग एक दिवस त्यांनी विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेवर वाळवला आणि आम्हाला बोलावले. काचेवर पांढरा डाग होता. खारपाणपट्ट्याच्या पाण्याने आम्ही समुद्राचे रीळ धूत होतो! तेव्हापासून रिळासाठी पावसाचे पाणी बाटल्यांत भरून ठेवण्याची पद्धत आमच्या घरात आली. माणसांना मात्र नळयोजना येईपर्यंत तेच पाणी प्यावे लागले. त्यावर आम्ही निवेदने दिली, मोर्चे काढले; तो विषय वेगळा आहे.

मामा 2009 साली गेले. रीळ आमच्याकडे आले आणि तीन वर्षे कपाटावर पडून राहिले. 2012 साली खोलून पाहिले तर आतल्या कातडी चकत्या वाळून फुटलेल्या. चांदणी फिरवली की या चकत्या दाबल्या जातात. मासा जोरात ओढू लागला तर दोरी तुटण्याऐवजी घसरत सुटावी, म्हणून ही व्यवस्था. चकत्या गेल्या म्हणजे रिळाचा ब्रेकच गेला. अकोल्यात एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, चाकांचे दाते मोजले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, हे घड्याळाचेच पोर आहे, फक्त वेळ सांगत नाही. झिजलेला एक स्प्रिंग त्यांनी तारेचा करून दिला. चकत्यांसाठी चपला शिवणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी जुन्या पट्ट्याचे कातडे अंगठीच्या मापाने कापले. एकूण खर्च साठ रुपये. घड्याळजींनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

ज्यांच्या घरी असे जुने रीळ असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. स्क्रूच्या खाचेला बरोबर बसेल तोच स्क्रूड्रायव्हर वापरा. खाच फिरली की संपले. खोलताना प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने कपड्यावर मांडा, हवा तर मोबाईलवर फोटो काढा. बेकेलाइट पडले की फुटते, म्हणून उंच मांडणीवर ठेवू नका. ठेवून देताना चांदणी सैल करा, म्हणजे चकत्या चेपत नाहीत. चाकांना ग्रीस, चरखीच्या दोन टोकांना तेलाचा एकेक थेंब. एकच. तेल जास्त झाले की चरखी वाऱ्यासारखी सुटते आणि नवा अंगठा तिला आवरत नाही. आणखी एक. मामा घरच्या चुलीवर पळीत शिसे वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचे आणि आम्ही पोरे वाकून पाहायचो. शिशाची वाफ मुलांना किती घातक असते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. हे कोणी घरात करू नये.

हे लिहिताना विहारातले एक वयोवृद्ध उपासक डोळ्यांपुढे येतात. त्यांनी आम्हाला सरळ विचारले होते, पहिले शील घेता आणि गळ टाकता? प्रश्न योग्य आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. त्या फरकाचा आडोसा घेऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही, कारण आमच्या घरी आता मासा ही गरज नाही, बाजारात मिळतो. मामांच्या वेळी होती. आम्ही एवढेच ठरवले आहे: घरात शिजेल तेवढाच मासा, लहान असेल तर परत पाण्यात, पौर्णिमेला नाही. आणि नुसता फोटो काढायला माशाचे तोंड फाडायचे, हे तर मुळीच नाही. उपासकांचे समाधान झाले असे वाटत नाही. आमचेही पुरते झालेले नाही.

दुसरी अडचण पोटाची आहे, दुसऱ्यांच्या पोटाची. धरणे आणि तलाव यांतल्या मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिला जातो. ते लोक रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली विकत घेऊन सोडतात, वर्षभर राखण करतात. तालुक्यातल्या भोई समाजाच्या अशा एका संस्थेच्या हिशेबाच्या वह्या आम्ही काही वर्षांपासून पाहतो. एका पावसाळ्यात पाणी कमी भरले की त्या वहीत काय होते, ते आम्ही आकड्यांत पाहिले आहे. हौशी लोक मोटारीतून येतात आणि न विचारता गळ टाकतात, तेव्हा तो कोणाच्या तरी वहीतला मासा असतो. आम्ही संस्थेला विचारून, ठरलेले पैसे देऊनच टाकतो. मोठ्या धरणाच्या काठी वारा सुटला की लाटा येतात, पैलतीर दिसत नाही. तेव्हा मामांची फार आठवण होते.

2021 साली मुलीच्या प्रवेशाची फी भरायची होती. टाळेबंदीत हात रिकामे झाले होते. मुलाने रिळाचा फोटो कुठेतरी टाकला आणि पुण्याच्या एका शौकिनाचा फोन आला. त्याने सांगितलेली रक्कम आमच्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी होती. आम्ही हो म्हणालो. खोटे कशाला सांगा, अगदी लगेच म्हणालो. रीळ पुसून खोक्यात घातले. संध्याकाळी मुलीने विचारले, "बाबा, हे चालवून कसं पाहतात ते तरी दाखवा, मग पाठवा." अंगणात उभे राहून रिकाम्या प्लॉटकडे तोंड करून आम्ही गळाशिवाय नुसते शिसे फेकून दाखवले. मग तिने फेकले. गुंता झाला. ती तिथेच मातीत बसली आणि दिव्याच्या उजेडात उकलू लागली. आमच्या सहचारिणीने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा त्या स्वतः बाहेर आल्या, मुलीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, फीचे पैसे पतसंस्थेतून काढा. शौकिनाला आम्ही नकार कळवला. तो रागावला, आणि त्याचे बरोबरच होते.

डिसेंबर 2022 मध्ये मुलीला घेऊन चैत्यभूमीला गेलो तेव्हा रीळ बरोबर होते. मामी आता मामेभावाजवळ मुंबईतच असतात. 8 तारखेला पौर्णिमा होती, म्हणून एक दिवस थांबलो. 9 तारखेला प्रतिपदा. मुलीने हिशेब केला: एकाचे पाऊणपट पाऊण, म्हणजे दुपारी पाऊण वाजता पूर्ण भरती. मग तिने मोबाईलवर भरतीची वेळ पाहिली, थोडाच फरक होता. मामांना हे दाखवायला हवे होते.

वर्सोव्याच्या वाळूवर मधल्या काळात कचऱ्याचे ढीग झाले होते. 2015 सालापासून अफरोझ शहा या वकिलांनी लोकांना बरोबर घेऊन तो किनारा साफ करायला घेतला, त्याची जगभर चर्चा झाली. आम्ही गेलो तेव्हा वाळू दिसत होती, तरी पहिल्या दोन फेकींत गळाला प्लास्टिकच्या पिशव्याच आल्या. मुलीने त्या घडी करून आमच्या खिशात कोंबल्या. तिसऱ्या फेकीला तिने काठी मागे नेली, आणि आमचा स्वतःचा अंगठा नकळत हवेत दाबला गेला. शिसे दूर गेले. कुठे पडले ते आम्हाला दिसले नाही, पण तिने त्याच क्षणी चरखी दाबलेली होती. अकराच्या सुमारास एक मुडदुशी लागली, वीतभर. मोठ्या रिळाला ती लाज आणणारी होती. चढत्या पाण्यात अजून तासभर उभे राहिलो, आणखी काही लागले नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मामींनी दारातच पिशवी घेतली. माशाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. रीळ बाहेर काढले, दांडा एकदा फिरवला, कान लावून ऐकले आणि मोरीतल्या नळाखाली बादली लावली.

"गोडं पानी हाय," त्या म्हणाल्या. "धुवून ने. गुंता झाल्ता काय?"

"एकदाच, आजी," मुलगी म्हणाली.

मामींनी आमच्याकडे पाहिले. "याले सव्वा तास लागला होता," त्या म्हणाल्या आणि चिंधी शोधायला आत गेल्या.